घरात रेकॉर्ड झालेली गाणी आणि बायकांची नावं



गिटार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोण येतं? सिनेमातला हिरो, नाहीतर गॅदरिंगला स्टेजवर चढलेलं कॉलेजचं पोरगं. त्यातून विजेवरची गिटार असेल तर ते सगळं पुरुषांचंच राज्य, असं आपण धरून चालतो. आज आम्ही त्या वाद्याची आणि घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करण्याची गोष्ट सांगणार आहोत, आणि ती तीन बायकांच्या नावांनी सांगणार आहोत. तिघी अमेरिकेतल्या. एक कापूस वेचणाऱ्या आईची लेक, एक चर्चमध्ये गाणाऱ्या घरातली, आणि एक लोकांच्या घरी स्वयंपाकपाणी करणारी. गोष्ट लांबची आहे खरी. पण आता आपल्या गटाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी मोबाईल धरून गाणं टिपत असतं, म्हणून ती आपल्याही कामाची आहे.

आधी वाद्य समजून घेऊ. साधी गिटार लाकडाची, पोकळ पोटाची. तार छेडली की पोटातली हवा घुमते आणि आवाज येतो. पण १९२०च्या सुमारास अमेरिकेत मोठमोठे बँड आले. त्यात ड्रम, ट्रम्पेट, सॅक्सोफोन. त्यांच्यापुढे गिटारचं काय होणार? ढोलताशापुढे तुणतुण्याचं होतं तेच. वाजवणारा वाजवतोय, बोटं हलतायत, पण ऐकू काहीच येत नाही.

त्याच काळात हवाई बेटांवरून आलेल्या गिटारचं अमेरिकेत फार वेड होतं. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवर पोलादाची कांडी सरकवत सूर काढायचे. तिचा आवाज मोठा करायच्या खटपटीत लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशां आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१ साली पहिली चालणारी विजेची गिटार तयार केली आणि पुढच्या वर्षी ती विकायला काढली. गोल अंग, त्याला लांब दांडा, सगळं ॲल्युमिनियमचं. लोक तिला ‘फ्राइंग पॅन’च म्हणू लागले, म्हणजे आपला दांड्याचा तवा.

तिच्यातली युक्ती आपल्याला सायकलच्या डायनामोवरून कळेल. डायनामोत लोहचुंबक असतं आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चाक फिरलं की वीज तयार होते आणि दिवा लागतो. विजेच्या गिटारमध्ये पोलादी तारांखाली असंच चुंबक आणि वेटोळं बसवलेलं असतं. तार थरथरली की वेटोळ्यात अगदी बारीक वीज तयार होते. ती वायरीतून ॲम्प्लिफायरला जाते आणि आवाज मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो. मग पोकळ पोटाची गरजच उरली नाही. भरीव लाकडाची गिटारही चालू लागली. गंमत अशी, की वायर काढली तर अशी गिटार जवळजवळ मुकी असते.

यामुळे नुसता आवाज वाढला असं नाही, वाजवायची रीतच बदलली. पूर्वी ऐकू जावं म्हणून तारेवर जोर काढावा लागे. आता बोटाचा हलका स्पर्शही शेवटच्या रांगेपर्यंत पोचू लागला. एक सूर छेडला की तो बराच वेळ टिकून राही. डाव्या हाताच्या बोटाने दाबलेली तार बाजूला ओढली की सूर चढत जाई, जसा आपण हाळी देताना शेवटी आवाज वर नेतो तसा. ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे चढवला की आवाजाला एक खरखर येई. आधी लोक तिला बिघाड म्हणत, पुढे ती मुद्दाम आणायला लागले. हे सगळं हाताला नव्याने शिकवावं लागलं, आणि ज्यांनी ते आधी शिकून घेतलं त्यांत आपली पहिली मैत्रीण आहे.

सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५, आर्कान्सा राज्यातलं कॉटन प्लांट नावाचं गाव. नावातच कापूस. आई केटी बेल कापूस वेचायची, मँडोलिन वाजवायची, आणि चर्चमध्ये गात-बोलत उपदेश करायची. आपल्याकडच्या कीर्तनकार बाईच म्हणा ना! रोझेटा पाच-सहा वर्षांची असल्यापासून आईबरोबर गावोगाव फिरली आणि गिटार वाजवत गायली. शाळा अशी नव्हतीच. हात शिकला तो भजनात, लोकांसमोर.

१९३८ साली तिची पहिली रेकॉर्ड निघाली. देवाची गाणी, पण ठेका असा की पाय हलल्याशिवाय राहू नये. तीच गाणी ती न्यूयॉर्कच्या क्लबांतही गायली. चर्चमधल्या मंडळींना ते रुचलं नाही. क्लबात दारू चालते, नाच चालतो, तिथे देवाचं नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. तिने दोन्ही ठिकाणी गाणं सोडलं नाही. विजेची गिटार हातात आल्यावर ती गाण्याच्या मधल्या जागेत एकेक तार छेडत, सूर ओढत अशी वाजवायची, की जणू दुसरं कुणी तिला उत्तर देतंय. १९४४ साली रेकॉर्ड झालेलं तिचं एक गाणं पुढच्या वर्षी फार गाजलं. ज्याला पुढे रॉक संगीत म्हणू लागले त्याची ही एक सुरुवात, असं आज अनेक जाणकार मानतात.

तिच्या लग्नाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९५१ साली वॉशिंग्टनच्या बेसबॉलच्या मैदानात तिने तिकीट लावून लग्न केलं. वीस हजारांच्या आसपास माणसं आली. लग्न लागल्यावर त्याच लग्नाच्या पोशाखात तिने गिटार घेऊन कार्यक्रम केला. नवरीने स्वतःच्या लग्नात स्वतःच वाजवायचं आणि वर तिकिटाचे पैसे घ्यायचे! आम्हाला हे फार आवडलं.

१९६४ साली ती इंग्लंडला गेली. मँचेस्टरजवळच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी तिचा कार्यक्रम झाला. प्रेक्षक एका फलाटावर, ती समोरच्या फलाटावर, वरून पाऊस. अंगात जाड कोट आणि गळ्यात पांढरी विजेची गिटार. ते चित्रण आजही पाहायला मिळतं. तेव्हा ती पन्नाशीला आली होती.

१९७३ साली ती गेली. तिच्या कबरीवर पुढची तीस-पस्तीस वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. २००८ साली चाहत्यांनी कार्यक्रम करून पैसे जमवले तेव्हा तो बसवायची सोय झाली. रॉक संगीतातल्या मोठ्या कलावंतांची नावं जिथे नोंदवतात, त्या यादीत तिचं नाव २०१८ साली आलं. ज्या पुरुषांनी तिला ऐकून गिटार उचलली, त्यांची नावं तिथे कितीतरी आधी लागलेली होती.

रोझेटाच्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत होत. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. यंत्र कंपनीचं, खोली कंपनीची, वेळ कंपनीची. हे सगळं घरात कसं आलं, ते दुसऱ्या गोष्टीत आहे.

लेस पॉल हा विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावचा गिटारवाला. लहानपणापासून खटपट्या. आईच्या घरातला टेलिफोन आणि फोनोग्राफ उचकटून गिटारचा आवाज मोठा करायचे त्याचे प्रयोग चालत. पुढे त्याने चार इंची चौकोनी लाकडाच्या ओंडक्यावर तारा चढवून भरीव गिटार केली, तिला तो ‘लॉग’ म्हणजे ओंडकाच म्हणे. हॉलिवूडमधल्या त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओ उभा केला. तबकडीवर आवाज कोरायच्या यंत्राला त्याने कॅडिलॅक गाडीचं फ्लायव्हील बसवलं होतं. १९४८ साली निघालेल्या त्याच्या एका रेकॉर्डमध्ये आठ गिटारी ऐकू येतात, आणि आठही त्याच्या एकट्याच्या. एकदा वाजवून तबकडीवर घ्यायचं, ती तबकडी लावून तिच्याबरोबर दुसऱ्यांदा वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचं. असं थरावर थर.

त्याची बायको मेरी फोर्ड. हे तिचं जन्माचं नाव नाही बरं का. ती कॅलिफोर्नियातल्या चर्चमध्ये गाणाऱ्या घरातली आयरिस कॉलीन समर्स. रेडिओवर गायची, गिटार उत्तम वाजवायची. दोघं एकत्र काम करू लागल्यावर लेसने तिच्यासाठी हे सुटसुटीत नाव शोधलं, टेलिफोनच्या यादीतून, असं सांगतात. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात, तशातलाच प्रकार. १९४८च्या जानेवारीत बर्फाळ रस्त्यावर त्यांची गाडी घसरून पुलावरून खाली गेली. लेसच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. हात कायमचा एकाच कोनात राहणार हे कळल्यावर त्याने डॉक्टरांना सांगितलं, गिटार धरता येईल अशा बेताने तो बसवा. बरं व्हायला वर्षाहून जास्त गेलं. १९४९च्या डिसेंबरात दोघांनी लग्न केलं.

याच सुमाराला बिंग क्रॉस्बी या नामांकित गायकाने लेसला अँपेक्स कंपनीचं टेपचं यंत्र दिलं. लेसने त्यात एक जादा हेड बसवून घेतलं. हेड म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा किंवा लिहिणारा भाग. त्यामुळे काय झालं, तर टेपवरचा जुना आवाज पुसला जायच्या आधी वाचला जाई, त्यात आत्ता गायलेलं मिसळे, आणि दोन्ही मिळून पुन्हा त्याच टेपवर लिहिलं जाई. एकच यंत्र, एकच टेप, आणि हवे तितके थर.

पण यात एक मेख होती. जुना आवाज वेगळा उरतच नसे. भाकरीचं पीठ मळल्यावर मीठ जास्त झालं म्हणून वेगळं काढता येतं का? तसंच हे. दहाव्या थराला चूक झाली तर आधीचे नऊही गेले, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय दर थराला आधीचा आवाज थोडा मंद होई, खरखर वाढे. म्हणून ते उलट्या क्रमाने काम करत. मागे राहायचे, कमी महत्त्वाचे आवाज आधी घ्यायचे आणि मुख्य गळा शेवटी. म्हणजे पुरं गाणं आधी डोक्यात तयार हवं.

आता विचार करा, हा भार कुणावर येत होता? मेरी स्वतःच्याच आवाजाला साथ द्यायची. एकदा खालच्या पट्टीत, एकदा मधल्या, एकदा वरच्या. तिन्ही वेळा श्वास त्याच जागी, शब्दाचा शेवट त्याच क्षणी, नाहीतर एका बाईचा मेळ न वाटता गोंधळ वाटेल. लेस तिला मायक्रोफोनच्या अगदी जवळ, काही इंचांवर उभं करी. स्टुडिओत तेव्हा गायक दोन-दोन फूट लांब उभे राहत. जवळून घेतल्याने आवाजातला ओलावा, श्वाससुद्धा टेपवर येई, आणि खोलीतले बाकीचे आवाज मागे पडत. कधी गाणं स्वयंपाकघरात घेतलं, कधी बोळात, कधी न्हाणीघरात, जिथे आवाज जसा घुमायला हवा तसं. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागातल्या लहानशा बिऱ्हाडात असं केलेलं त्यांचं ‘हाउ हाय द मून’ १९५१ साली निघालं आणि नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या नंबरावर राहिलं.

यंत्राची कल्पना लेसची, याबद्दल वाद नाही. पण पुस्तकांत ‘लेस पॉलने शोध लावला’ एवढंच येतं तेव्हा आम्हाला प्रश्न पडतो. ज्या यंत्रात एक चूक सगळं काम पुसून टाकते, त्या यंत्रापुढे दिवसेंदिवस न चुकता गाणारी बाई नसती, तर त्या शोधाचं काय लोणचं घालायचं होतं? रेकॉर्डवर दोघांची नावं आहेत, हे खरं. १९५३ पासून टीव्हीवर त्यांचा घरातलाच पाच मिनिटांचा कार्यक्रम लागे. त्यात मेरी संसार करता करता मधेच गिटार घेऊन गाते आणि नवऱ्याच्या तोडीस तोड वाजवते. पण कष्ट फार होते. घर म्हणजेच स्टुडिओ, मग काम संपलं कधी म्हणायचं? घरकाम आणि धंदा एकाच छपराखाली करणाऱ्या आपल्या पापडवाल्या, शिवणवाल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. वर सततचे दौरे. १९६४ साली त्यांचा घटस्फोट झाला. १९७७ साली मेरी गेली. रोझेटाचं नाव जिथे २०१८ साली लागलं, त्याच यादीत लेस पॉलचं नाव १९८८ साली लागलं. मेरीचं त्यात नाही.

तिसरी एलिझाबेथ कॉटन. तिची गिटार विजेची नव्हती, साधी होती. पण तिच्याकडे रेकॉर्डिंगचं यंत्र चालत घरी आलं, म्हणून ती या गोष्टीत हवीच. नॉर्थ कॅरोलायना राज्यात १८९३च्या सुमाराचा जन्म. भाऊ कामाला गेला की त्याचा बँजो गुपचूप काढून वाजवायची. मग गोऱ्या लोकांच्या घरी काम करून साठवलेल्या पैशांतून पावणेचार डॉलरची गिटार घेतली. ती डावखुरी होती आणि शिकवायला कुणी नव्हतं. तारा उलट्या लावायच्या सोडून तिने गिटारच उलटी धरली. त्यामुळे जाड तारा बोटांकडे आल्या आणि बारीक तारा अंगठ्याकडे. सगळं जग अंगठ्याने ठेका धरतं आणि बोटांनी चाल वाजवतं. हिने चाल अंगठ्याने वाजवली. आज तिच्या नावाने ती रीत शिकवली जाते, आणि उजव्या हाताच्या वादकांना ती जमवताना घाम फुटतो.

बारा वर्षांच्या आसपास असताना तिने मालगाडीवर एक गाणं केलं, ‘फ्रेट ट्रेन’. पुढे लवकर लग्न, मूल, चर्चवाल्यांनी अशी गाणी सोड म्हणून सांगणं. गिटार सुटली ती कित्येक वर्षं. वॉशिंग्टनच्या एका दुकानात ती काम करत असताना एक हरवलेली मुलगी तिला सापडली. मुलगी सीगर नावाच्या घरातली. तिच्या आईने एलिझाबेथला आपल्याकडे कामाला ठेवलं. ते घर लोकगीतं गोळा करणाऱ्यांचं, भिंतीवर गिटार टांगलेली. एक दिवस कामवाल्या बाईने ती खाली काढून वाजवली आणि घरातली पोरं थक्क झाली. त्यांतल्या माइक सीगरने टेपचं यंत्र एलिझाबेथच्या घरी नेऊन तिची गाणी रेकॉर्ड केली. १९५८ साली तिची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा ती साठी ओलांडून गेली होती.

मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट झाली होती. सीगरांची लेक इंग्लंडला गेली, तिथे तिने ‘फ्रेट ट्रेन’ गाऊन दाखवलं. ते ऐकून तिथल्या दोघांनी गाणं स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि १९५७ साली तिकडे ते भरपूर खपलं. गाणं करणारी बाई तेव्हा वॉशिंग्टनला लोकांचे कपडे इस्त्री करत होती. ते गाणं तिच्या नावावर परत यायला मागे लागावं लागलं. नव्वदी ओलांडल्यावर, १९८५ साली, तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आता आपल्याकडे येऊ. विजेने तिकडे गिटारला आवाज दिला. इकडे गावात वीज आली, पिठाची गिरणी आली आणि घरातलं जातं थांबलं. पहाटेचे कष्ट गेले, ते बरंच झालं. पण त्याच्याबरोबर जात्यावरची ओवीही थांबली, कारण ती त्या घरघरीवरच म्हटली जायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन या ओव्या लिहून घेतल्या, एक लाखाहून जास्त. १९९०च्या दशकात टेपचं यंत्र घेऊन बायकांच्या दारात जाऊन बऱ्याचशा रेकॉर्डही केल्या. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. तिथे ओवीच्या शेजारी गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. हे आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘पारंपरिक’ एवढंच लिहून मोकळं होणं फार सोपं होतं.

टेपचं यंत्रही पुढे लहान होत गेलं. १९७९ साली साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज घेणारं घरगुती यंत्र बाजारात आलं. त्यात चुकलेला एकच आवाज पुसून पुन्हा घेता येई, मेरीसारखं सगळं पहिल्यापासून करावं लागत नसे. आता ते काम मोबाईल करतो.

तर गटाची गाणी घेताना एवढं करून बघा. पंखा बंद, मिक्सर बंद, भांड्यांची आवराआवर थांबवलेली. रिकाम्या स्लॅबच्या खोलीत आवाज घुमतो, त्यापेक्षा गोधड्या, गाद्या रचलेल्या खोलीत बसा. मोबाईल टेबलावर तसाच न ठेवता घडी केलेल्या कापडावर ठेवा, म्हणजे टाळीचा धक्का त्यात जात नाही. सांगणारी बाई मोबाईलपासून वीतभर अंतरावर, तोंड जरासं बाजूला. झेलणाऱ्या दोन हात मागे. आधी एक कडवं घेऊन ऐका, मग पुरं गाणं. मोबाईल त्या रेकॉर्डिंगला नुसता आकडा देऊन ठेवतो, तो बदलून तिथे गाणारीचं नाव, गाव आणि तारीख टाका. एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा. आणि बटण दाबल्यावर गाण्याआधी बाईला स्वतःच्या तोंडाने नाव सांगू द्या, माहेरचं की सासरचं, तिला हवं ते. ओवी कुणाकडून शिकली तेही. आईकडून असेल तर आईचं नाव, आजीकडून असेल तर आजीचं आणि तिच्या गावाचं.